पेडल थरथरतंय? पाय उचलू नका!

खिशातला मोबाइल थरथरला की आपल्याला न बघता कळतं, कॉल आहे की मेसेज. मिक्सरचा आवाज जरा बदलला की आई हॉलमधूनच ओरडते, 'अगं, भांडं नीट बसलं नाहीये!' पण ज्या वस्तूसाठी आपण पाच-पाच वर्षं ईएमआय भरतो, त्या कारच्या आवाजांशी आपली ओळख किती? हॉर्न आणि म्युझिक सिस्टिम. बस्स!

त्यात एक आवाज असा आहे, जो बहुतेक लोक पहिल्यांदा ऐकतात तो नेमका सगळ्यात वाईट क्षणी. समोर अचानक काहीतरी येतं, तुम्ही जीव खाऊन ब्रेक दाबता आणि पायाखालून 'घर्रर्रर्र...' पेडल उलटं पायालाच ढकलायला लागतं. थरथरतं, खडखडतं. वाटतं, खाली काहीतरी तुटलं, ब्रेक गेला! आणि माणूस दचकून नेमकं तेच करतो जे करायचं नसतं. पाय उचलतो.

हा आवाज एबीएसचा, म्हणजे अँटी-लॉक ब्रेकिंग सिस्टिमचा. काही तुटलेलं नसतं. उलट तुम्हाला वाचवायला गाडी जिवाचं रान करत असते, त्याची ती खडखड. एवढं एक वाक्य कुणी वेळेवर सांगितलं नाही, म्हणून आमच्या घरात जवळजवळ महिनाभर काय रामायण झालं, ते आधी ऐका.

नांदेड-लातूर व्हाया अहमदपूर

माझी ताई लातूरला शिकवते. फिजिक्स, तेही नीटच्या बॅचेसना. 'लातूर पॅटर्न'च्या गावात फिजिक्सची मॅडम म्हणजे काय प्रेशर असतं, ते वेगळं सांगायला नको. घर मात्र नांदेडला. त्यामुळे सोमवारी पहाटे एमएच-२६ नंबरची छोटी हॅचबॅक काढायची, लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर गाठायचं, आणि शनिवारी क्लास संपला की परत. एका बाजूचे सुमारे १४० किलोमीटर.

रस्ता आता रुंद झालाय, म्हणून सगळेच गाड्या पळवतात. पण हायवे झाला तरी त्यावरचं ट्रॅफिक आपल्या मराठवाड्याचंच ना! सोयाबीनच्या सुगीत पोत्यांनी भरलेल्या ट्रॉल्या, कडेला वाळत घातलेलं सोयाबीन, आणि शेतातून बाहेर पडणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकांनी डांबरावर आणून टाकलेली काळी माती. तिच्यावर पावसाचे चार थेंब पडले की रस्त्याला साबण लावल्यासारखं होतं. पुढे साखर कारखाने सुरू झाले की उसाच्या दोन-दोन जोडट्रॉल्या. त्यांच्या मागे लाल दिवा असला तर तुमचं नशीब!

दसऱ्याच्या आधीचा शनिवार. परतीचा पाऊस रिमझिमत होता, दिवेलागणीची वेळ. अहमदपूर मागे पडलं आणि ताईसमोर अशीच एक ट्रॉली एकदम 'प्रकट' झाली. दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. ताईने ब्रेक दाबला. घर्रर्रर्र! तिने दचकून पाय उचलला, गाडी पुन्हा पुढे सुटली, तिने पुन्हा दाबला. गाडी थांबली तेव्हा बॉनेट आणि ट्रॉलीमध्ये हातभर अंतर होतं.

कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण ताई घरी आली, चावी टेबलावर ठेवली आणि म्हणाली, 'ब्रेक मधेच सोडून देतो. मी नाही चालवणार आता.'

मग काय, फॅमिली कॉन्फरन्स! आमचे बाबा एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर. तीस वर्षं स्टीअरिंगवर, त्यामुळे गाडीच्या बाबतीत त्यांचा शब्द म्हणजे सुप्रीम कोर्ट. ते म्हणाले, 'असा दाबून धरतात का बिरेक? गाडी घसरलाली म्हणलं की दाबायचा, सोडायचा, दाबायचा, सोडायचा.' दाजी म्हणाले, 'एसटी आहे की. तू कशाला रिस्क घेतेस?' शेजारच्या काकूंनी तर मुद्द्यालाच हात घातला. 'बाईमाणसानं एवढ्या लांब एकटीनं गाडी चालवायचीच कशाला?'

गाडी दोनदा सर्व्हिस सेंटरला जाऊन आली. दोन्ही वेळा जॉबकार्डवर एकच ओळ, 'ब्रेक चेक्ड, ओके.' खोटं काहीच नव्हतं त्यात. ब्रेक ओकेच होते. पण मग तो आवाज कसला, हे कुणी सांगितलं नाही. ताईचा समज झाला की दोष गाडीत नाही म्हणजे आपल्यातच असणार.

ती एसटीने जायला लागली. पहाटे साडेतीनला उठायचं, दाजींनी स्टँडवर सोडायचं. बस लेट झाली की सोमवारचा पहिला तास हातचा जायचा. दोन आठवड्यांत तो तास दुसऱ्या सरांकडे गेला आणि 'पुढच्या टेस्ट सीरिजचं तुम्हाला जमणार नाही ना मॅडम?' असं अगदी गोड आवाजात विचारून झालं. इकडे गाडी कव्हर पांघरून कडुलिंबाखाली. विकायची जाहिरात टाकायला फोटोही काढून तयार. एका 'घर्रर्र'मुळे माझ्या ताईची नोकरी, तिची गाडी आणि तिचा कॉन्फिडन्स, तिन्ही पणाला लागले होते.

'वो तो पकड रा था!'

दिवाळीला मी पुण्याहून घरी आले. फ्रीलान्स पत्रकारितेत पैसे मिळोत न मिळोत, एक फायदा नक्की असतो. प्रश्न विचारायची लाज वाटत नाही.

सुरुवात केली ग्लोव्ह बॉक्समधल्या मॅन्युअलपासून. प्लॅस्टिकच्या पिशवीतून ते बाहेरच आलं नव्हतं! (तुमचं आलंय? खरं सांगा.) ब्रेक्सच्या चॅप्टरमध्ये साध्या भाषेत लिहिलेलं, एबीएस काम करत असताना पेडल थरथरणं आणि आवाज येणं नॉर्मल आहे, पेडल दाबून धरा.

तरीही खात्री करायला ताईला आणि गाडीला घेऊन देगलूर नाक्याकडच्या एका उस्तादांकडे गेले. पिकलेली दाढी, ग्रीसने काळे झालेले हात आणि जबरदस्त पेशन्स. ताईने सगळी स्टोरी सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'दीदी, ब्रेकने छोडाच नै. आपने छोडा. वो तो पकड रा था!'

महिनाभराच्या कोड्याचं उत्तर एका वाक्यात!

खाली नक्की चालतं काय?

घरातलं लोखंडी कपाट कधी सरकवलंय? पहिल्यांदा हलवायला घाम फुटतो, पण एकदा सरकायला लागलं की त्यापेक्षा कमी जोर पुरतो. टायर आणि रस्त्याचं नातं काहीसं असंच. चाक फिरतंय तोवर रबर रस्त्याला धरून असतं. चाक जाम झालं, लॉक झालं, की रबर नुसतं घसरतं आणि पकड कमी होते. त्याहून वाईट म्हणजे, लॉक झालेलं चाक वळत नाही. तुम्ही स्टीअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळ ट्रॉलीकडेच जाणार.

म्हणून प्रत्येक चाकाजवळ एक सेन्सर असतो. चाक किती वेगाने फिरतंय, यावर त्याची नजर. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा एकदम मंदावलं, म्हणजे आता लॉक होणार, हे कॉम्प्युटरला कळतं. बॉनेटखाली व्हॉल्व्हचा एक छोटा डबा असतो. त्यातला त्या चाकाचा व्हॉल्व्ह उघडतो, ब्रेक ऑइलचं प्रेशर क्षणभर कमी होतं, चाक पुन्हा फिरायला लागतं, की परत प्रेशर. असं सेकंदाला दहा-पंधरा वेळा होऊ शकतं. सोडलेलं ऑइल एक छोटा पंप उलटं ढकलतो. तो धक्का त्याच ऑइलमधून तुमच्या पेडलपर्यंत येतो, तीच ती थरथर. आणि व्हॉल्व्ह-पंपाची धावपळ म्हणजे 'घर्रर्र'.

ही आयडिया मुळात विमानांची. धावपट्टीवर उतरताना चाकं लॉक होऊन टायर फुटू नयेत, म्हणून १९५०च्या दशकात विमानांना डनलॉपची अशी यंत्रणा बसायला लागली. कारमध्ये इलेक्ट्रॉनिक एबीएस बॉशने १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासला दिलं. तेव्हा ही श्रीमंतांची चैन होती. आपल्याकडे कितीतरी वर्षं ते टॉप मॉडेलचं फीचर होतं आणि शोरूममध्ये एबीएसपेक्षा अलॉय व्हील्सची चौकशी जास्त व्हायची. मग चाकणच्या बॉशच्या कारखान्यात, म्हणजे अगदी आपल्या महाराष्ट्रातच, एबीएस बनायला लागलं. १ एप्रिल २०१९ पासून भारतात सगळ्या नव्या पॅसेंजर कार्सना आणि १२५ सीसीच्या वरच्या नव्या टू-व्हीलर्सना ते कम्पल्सरी झालं. म्हणजे अगदी बेसिक मॉडेलमध्येही आहे. आहे हे ठाऊक नसतं, एवढंच.

आणि गंमत बघा. स्थितिक घर्षण, गतिक घर्षण, सगळं ताई रोज फळ्यावर शिकवते. 'डोक्याला सगळं माहीत होतं गं,' ती मला म्हणाली, 'पायाला कुणी सांगितलंच नव्हतं.'

बाबांचा पाय आणि कॉम्प्युटरचा पाय

आता पायाला शिकवायचं होतं. आणि सुप्रीम कोर्टाचा निकालही फिरवायचा होता!

रविवारी सकाळी गावाबाहेरच्या एका मोकळ्या प्लॉटवर गेलो. मधे डांबराचा एक जुना पट्टा, आजूबाजूला माती, आसपास माणूस ना जनावर. उस्तादांनी डांबरावर ड्रमभर पाणी ओतलं. पहिला नंबर बाबांचा. 'चाचा, चालीस की स्पीड लेव. पानी आया की पूरा दबाव. और उठाना नक्को!'

बाबांनी दाबला. घर्रर्रर्र! गाडी थांबली. बाबा काहीच बोलले नाहीत. रिव्हर्स घेतली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा थांबले तेव्हा काच खाली करून आमच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, 'अरे, हे तर माझंच काम करलाली की ही!'

बाबा म्हणाले ते शंभर टक्के खरं आहे. दाबायचा, सोडायचा, दाबायचा, सोडायचा, हेच तर एबीएस करतं. बाबांचा सल्ला चुकीचा नव्हता, तो दुसऱ्या गाडीचा होता. ज्या गाडीत एबीएस नाही, तिथे आजही निसरड्यावर तोच उपयोगी पडतो. पण माणसाचा पाय सेकंदाला फार तर दोन-तीनदा हलणार, आणि चारही चाकांचा ब्रेक एकदमच सोडणार. मशीन त्याच्या कितीतरी पट भराभर हे करतं, शिवाय घसरतंय त्याच चाकापुरतं. मातीवरच्या चाकाला वेगळा हिशोब, डांबरावरच्याला वेगळा. आपण वरून पुन्हा पंपिंग केलं, तर त्याचं काम बिघडवतो, दर वेळी पाय उचलला की थांबायचं अंतर वाढवतो. पेडलमधली ती थरथर म्हणजे, खरं तर, बाबांच्या पायाची तीस वर्षांची कला. फक्त सुपरफास्ट.

मग ताई बसली. पहिल्या वेळी पाय उचललाच गेला. दुसऱ्या वेळी अर्धवट. तिसऱ्या वेळी तिने दात-ओठ खाऊन दाबून धरला. चौथ्या वेळी उस्तादांनी समोर एक रिकामं घमेलं ठेवलं आणि सांगितलं, ब्रेक दाबलेलाच ठेवून बाजूने काढा. घर्रर्र आवाजात गाडी घमेल्याला वळसा घालून थांबली. ताई खाली उतरली तेव्हा तिचे हात थरथरत होते, पण चेहऱ्यावर बोर्डात आल्यासारखं हसू!

बाबांनी मात्र एक पॉइंट काढलाच. मातीवर ब्रेक मारल्यावर म्हणाले, 'इथं थांबायला जास्त जागा घेतलाली.' बरोबर आहे. सुट्या मातीत, खडीवर जाम झालेलं चाक समोर मातीचा ढीग जमवतं आणि त्याला अडून थांबतं. एबीएस चाक फिरतं ठेवतं, म्हणून तिथे गाडी जरा लांब जाऊ शकते. स्टीअरिंग मात्र हातात राहतं. एबीएस म्हणजे जादू नाही. गुळगुळीत टायर, ओला रस्ता आणि ताशी शंभरचा स्पीड असेल तर तेही काय करणार? पुढच्या गाडीपासून अंतर ठेवणं, हे डिपार्टमेंट अजून आपल्याकडेच आहे.

कुठला आवाज आपला, कुठला परका?

उस्तादांच्या गॅरेजवर तीन कटिंग चहा संपवून मी जी लिस्ट केली, ती तुमच्यासाठी.

घाबरायचं नाही, असे आवाज. गाडी सुरू करून थोडा स्पीड घेतला की काही गाड्यांत 'टक्' किंवा 'घुंई' असा बारीक आवाज येतो. पाय ब्रेकवर असेल तर हलकासा झटकाही जाणवतो. ती एबीएसची सेल्फ-चेक, म्हणजे हजेरी! चावी फिरवल्यावर पिवळा एबीएसचा दिवा काही सेकंद लागून विझतो, तेही ठीक. जोरात ब्रेक मारल्यावर घर्रर्र, पेडलची थरथर, पेडल उलटं ढकललं जाणं, हे तर आता तुम्हाला पाठ झालं असेल. खड्ड्यावरून किंवा स्पीड ब्रेकरवरून जाताना ब्रेक दाबलेला असेल तर चाक क्षणभर हवेत जातं, तेव्हाही छोटीशी 'कर्र' होऊ शकते.

आता गॅरेजला जायचे आवाज. एबीएसचा दिवा विझतच नाही? मग साधा ब्रेक चालेल, पण एबीएस सुट्टीवर आहे, चाकं लॉक होऊ शकतात. सावकाश चालवा आणि दाखवून घ्या. त्याच्या जोडीला ब्रेकचा लाल दिवाही लागला, तर मात्र गाडी कडेला घ्या आणि मेकॅनिकलाच बोलवा. कोरड्या रस्त्यावर हळूच ब्रेक दाबला तरी दर वेळी पेडल लयीत वर-खाली होतंय? तो एबीएस नाही, बहुतेक ब्रेक डिस्क वाकडी झालीये. सिग्नलला गाडी अगदी थांबता-थांबता एबीएस उगाच घर्रर्र करतंय? सेन्सर किंवा त्याची दातेरी रिंग बघायला सांगा. दर ब्रेकला लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज म्हणजे पॅड संपले. आणि पेडल स्पंजसारखं मऊ लागत असेल, तर ब्रेक ऑइलच्या लाइनमध्ये हवा शिरल्याची शंका घ्या. त्यात अजिबात चालढकल नको.

थोडक्यात काय, आणीबाणीत आलेला आवाज तुमचा दोस्त. रोज, साध्या ब्रेकला येणारा आवाज, ती तक्रार.

पेढे मिळाले, माहिती?

नव्या गाडीची डिलिव्हरी आठवून बघा. हार, नारळ, पेढे, लाल रिबन, भल्यामोठ्या कार्डबोर्डच्या चावीसोबत फोटो. ब्लूटूथ कसं पेअर करायचं, हे शिकवायला दहा मिनिटं. आणि 'एक दिवस हे पेडल तुमच्या पायाला लाथ मारेल, तेव्हा घाबरू नका' हे सांगायला? शून्य मिनिटं. ड्रायव्हिंग स्कूलमध्येही आपण हाफ क्लच शिकतो, रिव्हर्स शिकतो, चढावर गाडी उचलायला शिकतो. पूर्ण ताकदीने ब्रेक दाबायला कुणी शिकवत नाही. मग ज्या क्षणासाठी हे सगळं गाडीत बसवलंय, त्या क्षणी पायाला काय करायचं ते कळणार कसं?

तेव्हा पुढची गाडी घ्याल तेव्हा पेढ्यांबरोबर ही डेमोही मागा. आणि आत्ता दारात आहे त्या गाडीसाठी एक रविवार काढा. मोकळी, सुरक्षित जागा, शेजारी जाणता माणूस, बेल्ट लावलेला, स्पीड बेताचा. एकदा तो 'घर्रर्र' ऐकून घ्या. घरात आणखी कुणी गाडी चालवत असेल, आई, बायको, नुकतं लायसन्स मिळालेला भाऊ, तर त्यांनाही ऐकवा. तीनच गोष्टी लक्षात ठेवायच्या. जोरात दाबा, दाबूनच ठेवा आणि मोकळी जागा दिसेल तिकडे वळवा.

आमच्याकडे जाहिरातीचे फोटो डिलीट झालेत. ताई पुन्हा सोमवारी पहाटे चावी फिरवते. पहिला तास अजून दुसऱ्याच सरांकडे आहे, पण टेस्ट सीरिज तिने परत मिळवलीये. घर्षणाच्या लेक्चरला ती आता एबीएसचंच उदाहरण देते, आणि म्हणे मागच्या बाकावरची पोरंही जागी राहतात. बाबा नेहमीप्रमाणे फाटकापर्यंत येतात, टायरला बुटाने टोचून हवा बघतात आणि सूचना देतात. सूचना तेवढी बदललीये.

'दाबलीस तर सोडू नको गं. ती बघून घेतलाली सगळं.'